वाचकांचे प्रश्न : रंगांची नावे कुठून आली?

नवरात्रातील रंगांच्या निमित्ताने ठाणे आणि नवी मुंबई येथील वाचकांकडून रंगांच्या नावांविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतील काही एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे. आशय वाचकांचाच आहे.

प्रश्न : आमच्या घरी सासूबाई ‘तांबडी साडी’ म्हणतात, मी ‘लाल साडी’ म्हणते आणि माझ्या मुलीला तांबडा हा काही वेगळाच, मातकट रंग वाटतो. हे दोन्ही शब्द एकाच रंगाचे आहेत का? त्यांतला मूळचा मराठी कोणता?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सासूबाईंचा शब्द जुना आहे. संस्कृत ‘ताम्र’ म्हणजे तांबे. प्राकृतात त्याचे ‘तंब’ झाले आणि त्याला ‘डा’ हा प्रत्यय लागून मराठीत ‘तांबडा’ तयार झाला. म्हणजे तांबडा हा शब्दशः तांब्याच्या रंगाचा. परंतु भाषेत रुळल्यानंतर या शब्दाने धातूची मर्यादा सोडली आणि लालसर छटांचा मोठा पट्टा आपल्याकडे घेतला. म्हणूनच पहाटे तांबडे फुटते, माती तांबडी असते, कोल्हापूरचा रस्सा तांबडा असतो आणि आतून चक्क केशरी दिसणारा भोपळाही तांबडाच ठरतो.

‘लाल’ हा शब्द फारसीतून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. फारसीत ते माणकासारख्या एका तेजस्वी रत्नाचे नाव आहे आणि ही रत्ने प्रामुख्याने अफगाणिस्तानाच्या ईशान्येकडील बदख्शान प्रदेशातून येत. एक शब्द धातूचा आणि दुसरा रत्नाचा, असे हे दोन शेजारी मराठीत शतकानुशतके एकत्र नांदले. आज शाळा, जाहिरात आणि वाहतुकीचे सिग्नल यांनी ‘लाल’ला पुढे आणले आहे, आणि तांबडा हा माती, पहाट व रस्सा यांच्यापुरता उरू लागला आहे. आपल्या मुलीला तो मातकट वाटतो, याचे कारण हेच. शब्दाचा अर्थ असा आक्रसताना पाहून मला वाईट वाटते, कारण एका पिढीपूर्वी कुंकवापासून कर्दळीपर्यंत सर्व काही या एका शब्दात मावत होते.

येथे एक खूण सांगून ठेवतो, ती पुढच्या उत्तरांतही उपयोगी पडेल. तांबडा रंग, तांबडी माती, तांबडे फूल, असा हा शब्द लिंगाप्रमाणे बदलतो. काळा, पांढरा, पिवळा, हिरवा आणि निळा हेही असेच बदलतात. लाल, गुलाबी, नारंगी, केशरी, तपकिरी, बदामी हे शब्द मात्र कोणत्याही नामापुढे जसेच्या तसे राहतात. व्याकरणाच्या दृष्टीने कारण साधे आहे : आकारान्त विशेषणे विकार पावतात, इतर बहुधा पावत नाहीत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर विकारी गटात प्राकृतातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावे दिसतात आणि अविकारी गटात नंतर बाहेरून आलेली किंवा एखाद्या वस्तूला ‘ई’ लावून घडवलेली. हा अटळ नियम नाही, पण वाट दाखवणारी खूण नक्की आहे.

प्रश्न : मी शाळेत संस्कृत शिकवते. कोशात ‘हरि’ या विशेषणाचे पिवळा, हिरवा, पिंगट असे निरनिराळे अर्थ दिलेले आहेत. विद्यार्थी विचारतात की, एकाच शब्दाने पिवळा आणि हिरवा हे दोन वेगळे रंग कसे सांगितले जातील? त्यांना काय उत्तर द्यावे?
– एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांनी या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न विचारला आहे, त्यामुळे त्याला थोडी अधिक जागा देतो.

पिवळा आणि हिरवा यांच्यामधली रेघ निसर्गात नाही; ती प्रत्येक भाषा आपापल्या ठिकाणी ओढते. कोवळी पालवी, पिकत आलेले भात, कच्चे लिंबू आणि पिकलेले लिंबू यांच्याकडे ओळीने पाहिले तर हिरवा कुठे संपला आणि पिवळा कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवता येणार नाही. ज्या प्राचीन भाषेतून संस्कृत, फारसी, ग्रीक आणि इंग्रजी निघाल्या, तिच्यात हा सगळा उजळ पट्टा एकाच धातूने, म्हणजे शब्दाच्या मूळ अंशाने, सांगितला जात असे आणि त्या धातूचा मूळ अर्थ चमकणे असा असावा, असे भाषाभ्यासक मानतात.

त्या एका धातूचा संसार पाहण्यासारखा आहे. संस्कृतात त्याच्यापासून ‘हरि’ आणि ‘हरित’ झाले. ‘हरित’चे प्राकृतात ‘हरिअ’ आणि मराठीत ‘हिरवा’ झाले. त्याच कुळातून ‘हरिद्रा’ आली, जिची प्राकृतात ‘हलिद्दा’ आणि आपल्याकडे ‘हळद’ झाली. सोन्यासाठीचा वैदिक शब्द ‘हिरण्य’ हाही याच घराण्यातला. म्हणजे हिरवी पालवी, पिवळी हळद आणि झळाळते सोने या तिघांची नावे मुळात सख्खी आहेत. लग्नघरात नवरीला आधी हळद लागते आणि मग हिरवा चुडा भरला जातो, तेव्हा एकाच शब्दाची दोन लेकरे तिथे हजर असतात.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. संस्कृतात जिथे ‘ह’ येतो, तिथे जुन्या इराणी भाषांत पुष्कळदा ‘झ’सारखा उच्चार येतो. संस्कृत ‘बाहु’ आणि फारसी ‘बाजू’ ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. आपला बाजूबंद तिच्यातूनच आला. त्याच रीतीने संस्कृत ‘हरित’चे इराणी भावंड पुढे फारसीत ‘जर्द’ म्हणजे पिवळा असे झाले आणि ‘हिरण्य’चे भावंड ‘जर’ म्हणजे सोने असे झाले. हे दोन्ही शब्द मराठीत आले आहेत. सोन्याच्या तारेची ती ‘जरी’. पिवळ्या आलूचा, म्हणजे आलुबुखाराच्या जातीतल्या पिवळ्या फळाचा, तो ‘जर्दाळू’. आपण ‘पिवळाजर्द’ म्हणतो तेव्हा एकच अर्थ दोन भाषांत दोनदा उच्चारतो. आणि हिरव्या पैठणीला जरीचा काठ असतो तेव्हा दूर गेलेले दोन चुलतभाऊ एका वस्त्रात भेटलेले असतात.

ग्रीक भाषेत याच धातूपासून फिकट हिरव्या-पिवळ्या रंगासाठी ‘क्लोरोस’ असा शब्द झाला. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पिवळसर हिरव्या रंगाच्या एका वायूला त्यावरूनच क्लोरीन असे नाव दिले. पानातल्या क्लोरोफिलचे पहिले अर्धे नावही तेच. इंग्रजीतले ‘यलो’ आणि ‘गोल्ड’ याच कुळातले आहेत. ‘ग्रीन’ मात्र नाही, तो वाढणे या अर्थाच्या निराळ्या धातूवरून आला.

तेव्हा विद्यार्थ्यांना असे सांगावे की ‘हरि’ या शब्दात गोंधळ नाही. तो शब्द दोन रंग वेगळे करण्याच्या आधीचा आहे. आपला ‘पिवळा’ हा संस्कृत ‘पीत’वरून प्राकृतातील ‘पीअल’, ‘पीवल’ अशा रूपांतून आला, आणि त्याने पट्ट्याची एक बाजू सांभाळल्यावर ‘हिरवा’ दुसऱ्या बाजूला स्थिर झाला.

प्रश्न : खाडीकाठी येणाऱ्या फ्लेमिंगोला मराठीत ‘रोहित’ का म्हणतात? पक्षी तर गुलाबी असतो.
– एक पक्षीनिरीक्षक, नेरूळ

उत्तर : ‘रोहित’ म्हणजे तांबडा. संस्कृतात र आणि ल यांची अदलाबदल नेहमीची असल्यामुळे ‘रोहित’ आणि ‘लोहित’ हे दोन्ही एकच शब्द आहेत. रक्ताला ‘रुधिर’ म्हणतात तोही या घराण्यातला, आणि इंग्रजीतला ‘रेड’ही. आकाशातली रोहिणी ही तांबूस तारा आहे, तिच्या नावाचा उलगडाही येथेच होतो. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण ‘लोह’सुद्धा यातलेच : जुन्या वाङ्मयात ‘लोह’ हे तांबड्या धातूचे, म्हणजे तांब्याचे नाव होते, तेव्हा लोखंडासाठी ‘श्यामायस’ म्हणजे काळा धातू असा वेगळा शब्द वापरत. पुढे लोखंडाचा वापर सर्वत्र झाला आणि त्याने तांब्याचे नाव स्वतःकडे घेतले. रंग गेला, नाव राहिले.

पक्ष्याचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. पिल्ले करड्या रंगाची असतात आणि शैवाल व बारीक कवचधारी जीव यांतील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे पिसांवर हळूहळू रंग चढतो. पंखांच्या आतली पिसे तर गडद तांबडीच असतात, त्यामुळे थवा उडाला की ‘रोहित’ हे नाव किती अचूक आहे ते दिसते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळाला. फलकांवर ‘फ्लेमिंगो’ हा शब्द असायला हरकत नाही, पण त्याच्याशेजारी ‘रोहित’ असलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या बोलण्यात ‘काळी-पांढरी’ असा जोडशब्द येत असे. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. येथे गावठाणाच्या हद्दीविषयी चर्चा चालू असताना तो शब्द आठवला. त्याचा अर्थ काय?
– एक रहिवासी, कोपरखैरणे

उत्तर : काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, अर्थात गावठाण. देशावरची शेतजमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली, काळी. आणि जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथली माती राख, चुना, शेण आणि पडक्या भिंती मिसळून पांढुरकी झालेली, म्हणून ती पांढरी. जुन्या वस्तीचा शोध घेणारे पुरातत्त्वज्ञही अशा पांढरीच्या टेकाडांकडे आधी वळतात. कोकणपट्टीत माती वेगळी असल्यामुळे येथे हा जोडशब्द तितका ऐकू येत नाही.

‘पांढरा’ हा संस्कृत ‘पाण्डर’, ‘पाण्डुर’ यांवरून आला आणि त्याचा मूळ अर्थ दुधासारखा शुभ्र असा नाही, तर फिकट, पिवळट पांढरा असा आहे. पंडुरोगातला ‘पंडु’ तोच. स्वच्छ पांढऱ्यासाठी संस्कृतात ‘धवल’ होता. कोकणी आणि मालवणीत तो ‘धवो’ म्हणून रोजच्या वापरात राहिला. मराठीत मात्र ‘ढवळा’ होऊन मुख्यतः बैलापुरता उरला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सर्वांना येते, पण तिच्यातला ‘वाण’ म्हणजे ‘वर्ण’, अर्थात रंग, हे आता फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. फारसीतला ‘सफेद’ हाही मुळात संस्कृत ‘श्वेत’चा इराणी भाऊ आहे.

प्रश्न : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रंगद्रव्याच्या कारखान्यात मी नोकरी केली. आम्ही ॲनिलीन हाताळत होतो. ते द्रव्य शुद्ध असताना रंगहीन असते. मग त्याच्या नावाचा संबंध नीळ या शब्दाशी आहे, असे एका सहकाऱ्याने सांगितले ते खरे का?
– एक निवृत्त कामगार, घणसोली

उत्तर : आपल्या सहकाऱ्याने बरोबर सांगितले. संस्कृतात ‘नील’ म्हणजे गडद निळा, काळ्याकडे झुकणारा रंग, आणि ‘नीली’ म्हणजे ज्या झुडपापासून तो रंग काढतात ते झुडूप. भारतातून हा रंग पश्चिमेकडे जात असे. अरबांनी त्याला ‘अन्-नील’ म्हटले, यातला ‘अन्’ हा त्यांच्या भाषेतला नामापुढे लागणारा उपपद आहे. पोर्तुगिजांनी तो उपपद नावाचाच भाग समजून ‘अनिल’ असा शब्द केला. १८२६ मध्ये ओटो उनफरडॉर्बन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून तिच्यापासून एक तेलकट द्रव मिळवला. १८४० मध्ये फ्रिट्झ्शे यांनी नीळेपासूनच मिळवलेल्या द्रवाला ‘अनिल’वरून ‘ॲनिलीन’ असे नाव दिले आणि तेच टिकले. द्रवाला रंग नसला तरी नावात रंग आहे, तो असा. ग्रीकांनी त्याच मालाला ‘भारतीय वस्तू’ या अर्थाचे नाव दिले होते, त्याचे पुढे ‘इंडिगो’ झाले. म्हणजे एका भाषेने मालाचे नाव घेतले आणि दुसरीने देशाचे.

नीळ करण्याची रीत आपल्यासारख्या जाणकाराला आवडेल म्हणून लिहितो. झुडपाच्या हिरव्या पानांत निळा रंग तयार स्वरूपात नसतो. पाला हौदात भिजवून आंबवला आणि ते पाणी घुसळून त्यात हवा मिसळली की निळा साका तळाशी बसतो. कापड रंगवताना तो साका पाण्यात विरघळावा म्हणून पुन्हा रंगहीनतेकडे न्यावा लागतो, आणि कापड हौदातून पिवळसर हिरवे बाहेर येऊन हवेत डोळ्यांदेखत निळे होते. ही किमया प्रयोगशाळेत साधायला अडॉल्फ फोन बायर यांना कित्येक वर्षे लागली. कारखान्यातली कृत्रिम नीळ जर्मनीतून १८९७ मध्ये बाजारात आली आणि बायर यांना १९०५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या कपड्यांना आपण घालतो ती नीळही आता त्या झुडपाची नाही, पण नाव झुडपाचेच चालू आहे.

प्रश्न : राम मारुती रस्त्यावरील एका साड्यांच्या दुकानात मी काम करतो. कोनफळी, आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, मोरपंखी, तपकिरी अशी नावे आम्ही रोज घेतो. ही नावे किती जुनी असतील?
– एक विक्रेता, ठाणे

उत्तर : प्रत्येकाचे वय सांगता येत नाही, पण ज्या वस्तूवरून नाव आले तिचे वय माहीत असेल तर वरची मर्यादा सांगता येते. तपकीर तंबाखूची, आणि तंबाखू अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत भारतात आली. विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेल्याचे वर्णन असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी केले आहे. त्यामुळे ‘तपकिरी’ हे रंगनाम त्याच्या फार आधीचे असू शकत नाही. त्यापूर्वी हा रंग पिंगट, कपिल, कपिश अशा शब्दांनी सांगत. यांतल्या ‘कपिश’मध्ये कपी, म्हणजे वानर, दडलेला आहे. गुलबक्षीचे झाडही अमेरिका खंडातलेच, तेव्हा तो शब्दही तितकाच नवा. ‘गुलाबी’त फारसी ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी आहे. मुळात गुलाब हे फुलाचे नाव नसून गुलाबपाण्याचे होते.

डाळिंब, आमसूल आणि कोनफळ या मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या वस्तू. जांभळा हाही तसाच, जांभळावरून आलेला. पण तो इतका रुळला की ‘जांभळी’, ‘जांभळे’ असा लिंगाप्रमाणे बदलू लागला आणि जुन्या घरातल्या रंगांच्या पंगतीत जाऊन बसला. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या खुणेला असलेला हा महत्त्वाचा अपवाद आहे. विटकरी रंगातली ‘वीट’ तर संस्कृत ‘इष्टका’पर्यंत मागे जाते, आणि आदिवासी पाड्यांवर वारली चित्रांसाठी भिंत सारवायला वापरतात तो ‘गेरू’ म्हणजे ‘गैरिक’, गिरीतून निघालेला.

प्रश्न : महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकताना असे वाचले की, जगातील सर्व भाषांत रंगांची नावे एका ठराविक क्रमाने येतात. मराठीला हे लागू पडते का?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये हा सिद्धान्त मांडला. त्यांनी ९८ भाषांची माहिती पाहिली होती, त्यांतल्या २० भाषांच्या भाषकांकडून प्रत्यक्ष रंगपट्ट्या दाखवून आणि उरलेल्यांची ग्रंथांवरून. त्यांचे म्हणणे असे की, ज्या भाषेत दोनच मूलभूत रंगनामे असतील तिथे ती गडद आणि उजळ अशी असतात; तिसरे आले तर ते तांबड्याचे; त्यानंतर पिवळा आणि हिरवा, यांतला कुठलाही आधी; मग निळा; मग तपकिरी; आणि जांभळा, गुलाबी, नारंगी, करडा हे त्याच्याही नंतर. पुढे ११० अलिखित भाषांची मोठी पाहणी झाली आणि क्रमात दुरुस्त्याही झाल्या, परंतु सांगाडा बऱ्याच अंशी टिकला.

आता आपली खूण येथे लावून पाहा. लिंगाप्रमाणे बदलणारे आपले जुने रंग कोणते? काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा. हे नेमके त्या क्रमातले पहिले सहा आहेत. सातवा तपकिरी, आणि तिथेच मराठीला एका वस्तूचे नाव उसने घ्यावे लागले, तेही समुद्रापलीकडून आलेल्या. गुलाबी आणि नारंगी हेही तसेच. जांभळा व करडा हे दोन अपवाद आहेत आणि ते मी लपवू इच्छित नाही. शिवाय मराठी शून्यातून सुरू झालेली नाही, संस्कृत-प्राकृताचा भरलेला रंगाचा डबा तिला वारशाने मिळाला आहे. त्यामुळे हा सिद्धान्ताचा पुरावा नव्हे. तरीही व्याकरणाची रेघ आणि संशोधकांची रेघ इतक्या जवळून जातात, हे मला विचार करण्याजोगे वाटते, आणि आपण प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर आगरी, कोळी, मालवणी या बोलींतील रंगनामे गोळा करून ती या क्रमाशी ताडून पाहावीत.

एक सावधगिरी. शब्द नाही म्हणजे रंग दिसत नव्हता, असा अर्थ काढू नये. १८५८ मध्ये विल्यम ग्लॅडस्टन यांनी होमरच्या काव्यातली रंगांची अपुरी नावे पाहून प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच पूर्ण विकसित नव्हती, असा तर्क केला होता. तो टिकला नाही. रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिकट निळ्याला दोन स्वतंत्र मूलभूत शब्द आहेत, म्हणून आपल्याला आकाशी आणि निळा यांतला फरक दिसत नाही असे होत नाही. इंग्रजीत सोळाव्या शतकापूर्वी नारंगी रंगाला ‘ऑरेंज’ हे नाव नव्हते, म्हणून त्यांच्या रॉबिन पक्ष्याची नारंगी छाती ‘लाल’च म्हटली गेली. तो ‘ऑरेंज’ही मुळात आपल्याकडचा : द्राविडी भाषांतून संस्कृत ‘नारंग’, तिथून फारसी आणि अरबी, आणि युरोपात पोचता पोचता पहिला ‘न’ गळून पडला.

प्रश्न : हल्ली सर्वत्र मजेंटा, मरून, लिलॅक, टर्क्वॉइज अशी इंग्रजी नावे वापरतात. ती टाळून शुद्ध मराठी नावे वापरावीत असे वाटते. पर्याय सुचवावेत.
– एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : पर्याय देतो, परंतु ‘शुद्ध’ हा शब्द बाजूला ठेवून. लाल, गुलाबी, बदामी आणि आसमानी काढून टाकले तर आपल्या घरातले निम्मे कपाट नावाविना राहील. मी जुनी नावे जपा असे म्हणतो ते वेगळ्या कारणासाठी : प्रत्येक नावात एखाद्या झाडाची, किड्याची, खनिजाची किंवा व्यापारी वाटेची नोंद असते, आणि नाव गेले की ती नोंदही जाते.

मजेंटा हे उत्तर इटलीतील एका गावाचे नाव आहे. तिथे जून १८५९ मध्ये मोठी लढाई झाली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ॲनिलीनपासून बनवलेल्या नव्या रंगद्रव्याला ते नाव चिकटले. दुकानांत या रंगाला ‘राणी’ म्हणतात. तो शब्द चांगला आहे, छटा थोडी गडद असेल तर ‘गुलबक्षी’. मरून म्हणजे फ्रेंच भाषेत चेस्टनट नावाचे फळ, जे आपल्याकडे कुणी पाहिलेले नसते; त्याऐवजी छटेप्रमाणे ‘डाळिंबी’, ‘विटकरी’ किंवा ‘किरमिजी’ म्हणावे. किरमिजीचे मूळ फारसीत किड्यासाठी असलेल्या ‘किर्म’ या शब्दात आहे, कारण हा रंग एका किड्यापासून काढत. तो ‘किर्म’ आणि आपला ‘कृमि’ एकच, आणि संस्कृतात लाखेला ‘कृमिजा’ म्हणतात ते याच न्यायाने. इंग्रजीतले ‘क्रिमझन’ आणि ‘कारमाइन’ हेही त्याच किड्याच्या वाटेने गेलेले आहेत. टर्क्वॉइज म्हणजे ‘तुर्की’ दगड. आपल्याकडे त्याच दगडावरून ‘फिरोजी’ हा शब्द आधीपासून आहे, तोच वापरावा, आणि हिरवट छटेला ‘मोरपंखी’.

राहिला लिलॅक. हा फारसी ‘नीलक’, म्हणजे निळसर, या शब्दाचे अरबी, स्पॅनिश आणि फ्रेंच अशा मजला करत बदललेले रूप आहे, आणि ‘नीलक’ तर संस्कृत ‘नील’वरूनच आला. त्याला फिकट जांभळा म्हणावे. पण कुणी लिलॅक म्हटले तरी त्याला परका समजण्याचे कारण नाही.